पर्जन्याचा वेध घेणारे ब्लॅनफर्ड

मृग नक्षत्र लागले म्हणजे दख्खनच्या पठारावरील शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसतो. नांगरट झालेली असते, बी-बियाणे घरात तयार असते. उणीव असते ती फक्त पावसाची. तो वेळेवर येईल काय, पुरेसा पडेल काय, या प्रश्नांवर साऱ्या घराचे वर्षाचे सुखदुःख अवलंबून असते. म्हणूनच पावसाची चाहूल आधी लागावी, अशी माणसाची फार प्राचीन काळापासूनची इच्छा आहे. कावळ्याने घरटे झाडावर कोठे बांधले, मुंग्या अंडी घेऊन कोणीकडे चालल्या, पावशा केव्हा ओरडू लागला, यांवरून आपले पूर्वज पावसाविषयी अनुमान बांधीत असत. परंतु शेकडो कोस दूर, हिमालयाच्या उतारांवर हिवाळ्यात किती बर्फ साचले, याचा आपल्या देशातील पावसाशी काही संबंध असेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नसे. हा संबंध ओळखून त्याच्या आधारे पावसाचे भाकीत साऱ्या देशासाठी प्रथम प्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ म्हणजे हेन्री फ्रॅन्सिस ब्लॅनफर्ड.

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ३ जून १८३४ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे थोरले बंधू विल्यम हेही पुढे नामांकित शास्त्रज्ञ झाले. दोघा भावांनी लंडन येथील खनिशास्त्राच्या विद्यालयात शिक्षण घेतले. नंतर हेन्री यांनी जर्मनीतील फ्रायबर्ग येथील प्रसिद्ध खनिविद्यालयातही अध्ययन केले. इ. स. १८५५ मध्ये दोघांचीही हिंदुस्थानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नेमणूक झाली आणि दोघे भाऊ कलकत्त्यास येऊन दाखल झाले. हेन्री यांचे वय त्या वेळी अवघे २१ वर्षांचे होते.

दुसऱ्याच वर्षी त्यांना ओरिसातील तालचेर येथील दगडी कोळशाच्या प्रदेशात पाठविण्यात आले. तेथे त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. अतिशय बारीक गाळापासून बनलेल्या खडकाच्या थरात मोठमोठे धोंडे रुतून बसलेले होते. हे धोंडे तेथे आले कसे? एवढे धोंडे वाहून नेण्याइतका जोराचा प्रवाह असता, तर त्याने बारीक गाळ तेथे मुळी राहूच दिला नसता; आणि गाळ खाली बसेल इतके पाणी संथ असते, तर त्याला धोंडे हलविता आले नसते. दोघा भावांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला आणि ते एका धाडसी निष्कर्षास आले. हे धोंडे पाण्याने आणलेले नसून बर्फाने वाहून आणलेले असावेत! ओरिसासारख्या उष्ण प्रदेशात एके काळी बर्फ होते, हे म्हणणे त्या काळी पटण्यासारखे नव्हते. परंतु पुढे अनेक पुरावे मिळाले आणि सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारताच्या मोठ्या भागावर खरोखरच हिमनद्या पसरलेल्या होत्या, हे सर्वमान्य झाले. बर्फाशी ब्लॅनफर्ड यांची ही पहिली गाठ. दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाण्याची त्यांच्या बुद्धीची रीत या प्रसंगातून स्पष्ट दिसते.

त्यानंतर काही वर्षे ते दक्षिणेत तिरुचिरापल्लीच्या परिसरातील खडकांचा आणि त्यांत सापडणाऱ्या प्राचीन जीवांच्या अवशेषांचा अभ्यास करीत होते. उन्हातान्हातील भ्रमंतीने त्यांची प्रकृती ढासळली. इ. स. १८६२ मध्ये त्यांना ते काम सोडावे लागले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी प्राध्यापकाची जागा पत्करली. आता उरलेले आयुष्य अध्यापनात जाणार, असे वाटत असतानाच एका भयंकर घटनेने त्यांच्या आयुष्यास वेगळे वळण दिले.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर प्रचंड चक्रीवादळ कोसळले. हुगळी नदीच्या मुखातून समुद्राच्या पाण्याचा अजस्र लोंढा आत घुसला. बंदरात नांगरलेल्या जहाजांचे दोरखंड तटातट तुटले, जहाजे एकमेकांवर आदळली आणि कित्येक काठावर फेकली गेली. नदीकाठची गावेच्या गावे वाहून गेली. या वादळात अर्ध्या लाखाहून अधिक माणसे प्राणास मुकली.

या आपत्तीची चौकशी करून वृत्तान्त लिहिण्याचे काम कर्नल गॅस्ट्रेल व ब्लॅनफर्ड यांच्याकडे आले. त्यांनी समुद्रावरील जहाजांच्या नोंदवह्या मिळविल्या, ठिकठिकाणच्या वायुभारमापकांच्या नोंदी जमविल्या आणि वादळाचा मार्ग नकाशावर आखला. तेव्हा असे दिसून आले, की हे वादळ काही अकस्मात आले नव्हते. बंगालच्या उपसागरात ते काही दिवस आधीच जन्मले होते आणि हळूहळू किनाऱ्याकडे सरकत होते. त्याच्या खुणा नोंदींमध्ये होत्या. परंतु त्या नोंदी एकत्र आणून वाचणारा कोणी नव्हता. हजारो माणसे बेसावध स्थितीत मृत्युमुखी पडली, त्याचे हेही एक कारण होते.

वादळापाठोपाठ अवर्षणाचे संकट आले. इ. स. १८६६ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. हवामानाचा पद्धतशीर अभ्यास झाला पाहिजे, हे सरकारलाही उमगले. ब्लॅनफर्ड हे १८६७ पासून बंगाल प्रांताचे हवामानविषयक काम पाहत होतेच. इ. स. १८७५ मध्ये साऱ्या देशासाठी एकच हवामान खाते स्थापन झाले आणि त्याचे पहिले प्रमुख म्हणून त्यांची निवड झाली.

काम सोपे नव्हते. त्या वेळी निरनिराळ्या प्रांतांत वेधशाळा होत्या. परंतु एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. कोठे नोंद सकाळी घेत, तर कोठे दुपारी. एका ठिकाणचा उष्णतामापक उन्हात टांगलेला असे, तर दुसऱ्या ठिकाणचा भिंतीच्या आडोशाला. अशा नोंदींची तुलना करणे म्हणजे निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या धान्याची बेरीज करण्यासारखेच होते. ब्लॅनफर्ड यांनी प्रथम हे माप एक केले. उपकरणे प्रमाणित उपकरणांशी ताडून पाहावयाची, ती ठरलेल्या पद्धतीने बसवावयाची आणि नोंद नेमलेल्या वेळीच घ्यावयाची, असा दंडक त्यांनी घातला. निरीक्षकांना मार्गदर्शन व्हावे म्हणून त्यांनी पुस्तकही लिहिले. ब्रह्मदेशापासून सिंधपर्यंत आणि लडाखमधील लेहपासून दक्षिणेच्या टोकापर्यंत वेधशाळांचे जाळे विणले जाऊ लागले.

हे जाळे विणले जात असतानाच देशावर फार मोठे अरिष्ट ओढवले. इ. स. १८७६ मध्ये दख्खनमध्ये पावसाने पाठ फिरविली. सोलापूर, विजापूर, नगर, सातारा या जिल्ह्यांतील पिके करपून गेली. मद्रास, म्हैसूर व हैदराबाद या प्रदेशांतही तीच दशा झाली. पुढच्या, म्हणजे १८७७ च्या पावसाळ्यात अवर्षण उत्तरेतही पसरले. चाऱ्यावाचून गुरे मेली, विहिरी आटल्या आणि भुकेलेल्या माणसांचे तांडे गावे सोडून वाट फुटेल तिकडे निघाले. दुष्काळी कामांवर मिळणारी मजुरी पोट भरण्यासही पुरत नसे. आणि देशात अशी अन्नान्नदशा असताना धान्याची निर्यात मात्र चालूच होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जागोजागची माहिती गोळा करून लोकांची खरी स्थिती सरकारपुढे मांडली. या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. पाऊस पडला नाही हे निसर्गाचे काम. परंतु एवढी माणसे मरावीत, यात राज्यकर्त्यांच्या उदासीनतेचाही वाटा होता.

या दुष्काळानंतर एक प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. अवर्षणाची सूचना काही आठवडे आधी मिळाली, तर धान्याची साठवण करता येईल, चारा राखून ठेवता येईल, विहिरी खणता येतील. अशी सूचना देणे शास्त्राला शक्य आहे काय? सूर्यावरील डाग सुमारे ११ वर्षांच्या अंतराने वाढतात व कमी होतात. त्यांवरच अवर्षण अवलंबून असते, असे काही विद्वान सांगत होते. ब्लॅनफर्ड यांनी घाईने कोणत्याच मताचा स्वीकार केला नाही. त्यांनी आपल्या नोंदवह्या उघडल्या.

या नोंदी चाळताना त्यांचे लक्ष एका गोष्टीकडे गेले. इ. स. १८७७ च्या आरंभी वायव्य हिमालयात नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक बर्फ पडले होते आणि हिमवृष्टी वसंत ऋतूतही चालू राहिली होती. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वायव्य भारत कोरडा राहिला. हा केवळ योगायोग होता काय? एका वर्षाच्या नोंदीवरून नियम बांधता येत नाही, हे ते जाणून होते. त्यांनी इतर वर्षांची माहिती जमविण्यास प्रारंभ केला. डोंगराळ प्रदेशातील अधिकाऱ्यांकडून ते हिमवृष्टीची हकीकत मागवीत. दुर्गम शिखरांवर बर्फाची खोली मोजण्याचे साधन नव्हते. बर्फ उतारावरून किती खाली आले आणि किती दिवस टिकले, हेच मुख्यतः पाहता येण्यासारखे होते. अशी वर्षामागून वर्षे ताडून पाहिल्यावर त्यांना आढळले, की हिमालयात हिमवृष्टी फार झाली आणि बर्फ उशिरापर्यंत टिकले, तर पुढील पावसाळ्यात प्रायः पाऊस उशिरा येतो किंवा कमी पडतो. आपले हे संशोधन त्यांनी १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. या संस्थेने त्यांना १८८० मध्येच आपले सदस्यत्व देऊन गौरविले होते.

बर्फ आणि पाऊस यांचा हा संबंध कसा येतो? उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे जमिनीकडे धाव घेतात. हेच आपले मोसमी वारे. आता सडा घातलेले अंगण आठवावे. त्यातील पाणी सुकेपर्यंत ऊन लागूनही अंगण थंडच राहते. बर्फाने झाकलेल्या भूमीचे असेच होते. पांढरे शुभ्र बर्फ सूर्याचे पुष्कळसे ऊन परत फेकते. उरलेली उष्णता बर्फ वितळण्यात व ओली जमीन वाळण्यात खर्च होते. त्यामुळे जमीन तापण्यास विलंब लागतो आणि मोसमी वाऱ्यांना मिळणारी ओढ कमी पडते. ब्लॅनफर्ड यांच्या मते बर्फावरील हवा थंड व कोरडी होते, तेथून कोरडे वारे वायव्येकडील मैदानांवर वाहू लागतात आणि समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांची वाट अडवितात.

संबंध सापडला, तरी भाकीत करणे ही वेगळीच गोष्ट होती. संशोधकाचे लेखातील अनुमान चुकले, तर ते विद्वानांच्या चर्चेत दुरुस्त होते. परंतु सरकारी खात्याने देशासाठी केलेले भाकीत चुकले, तर त्याचे फळ लोकांना भोगावे लागते. चांगल्या पावसाची आशा दाखवावी आणि अवर्षण पडावे, तर माणसे बेसावध राहतात. अवर्षणाची भीती घालावी आणि पाऊस उत्तम व्हावा, तर मधल्या काळात धान्य महाग होऊन गरिबांची विनाकारण उपासमार होते. मौन पाळणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होता. परंतु १८७७ चा दुष्काळ ज्या देशाने पाहिला, तेथे हाती असलेले ज्ञान दडवून ठेवणेही योग्य नव्हते.

ब्लॅनफर्ड यांनी सावधपणाचा मार्ग पत्करला. इ. स. १८८२ पासून १८८५ पर्यंत चार वर्षे त्यांनी हिमवृष्टीच्या माहितीवरून प्रयोगादाखल भाकिते केली आणि प्रत्यक्ष पावसाशी ती ताडून पाहिली. ती विश्वास वाटण्याइतपत खरी ठरली. मगच ४ जून १८८६ रोजी, वयाची ५२ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांच्या खात्याने भारत व ब्रह्मदेश यांसाठी मोसमी पावसाचे पहिले नियमित भाकीत प्रसिद्ध केले. पावसाळा येण्याच्या आधी त्याविषयी देशाला सूचना देण्याची परंपरा तेव्हापासून सुरू झाली.

इतक्या जबाबदारीच्या कामात असूनही ब्लॅनफर्ड यांच्यातील शिक्षक कधी लोपला नाही. भारतातील शाळांसाठी त्यांनी प्राकृतिक भूगोलाचे पाठ्यपुस्तक लिहिले. रुचीराम सहानी नावाचे एक तरुण पंजाबी पदवीधर १८८५ मध्ये त्यांचे साहाय्यक म्हणून खात्यात आले. खात्यात अधिकारपदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत. ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली त्यांनी हवामानाचे काम आत्मसात केले. पुढे लाहोर येथे प्राध्यापक झाल्यावर रुचीराम यांनी पंजाबच्या गावोगावी लोकांच्या भाषेत विज्ञानाची व्याख्याने दिली. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी हे त्यांचेच पुत्र.

सेवेतून निवृत्त होऊन ब्लॅनफर्ड इंग्लंडला परतले. भारत, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश यांच्या हवामानावरील त्यांचा ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारी १८९३ मध्ये फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी ५८ वर्षांचे होते.

त्यांच्यामागे त्यांच्या शोधाची कठोर परीक्षा झाली. इ. स. १८९९ मध्ये खात्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि प्रत्यक्षात मात्र भीषण अवर्षण पडले. केवळ हिमालयाकडे पाहून भागत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले. पुढे खात्याचे प्रमुख झालेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातील हवामानाच्या नोंदी तपासल्या आणि दूरच्या प्रशांत महासागरावरील वायुभाराचाही आपल्या पावसाशी संबंध असल्याचे दाखवून दिले. तरीही १९०९ मध्ये त्यांनी जे गणिती सूत्र बसविले, त्यात हिमालयातील बर्फाला स्थान होतेच. इ. स. १९७६ मध्ये डग्लस हान व जगदीश शुक्ला या शास्त्रज्ञांनी कृत्रिम उपग्रहांनी टिपलेल्या माहितीवरून पाहणी केली. हिवाळ्यात युरोप व आशिया खंडांवर बर्फ अधिक पसरले, तर पुढील मोसमी पाऊस कमी होण्याकडे कल असतो, असे त्यांना आढळले. त्यानंतरच्या काही दशकांत हा संबंध पूर्वीइतका स्पष्ट दिसेनासा झाला. म्हणजे ब्लॅनफर्ड यांना सापडलेला धागा खरा होता. परंतु पावसाचे वस्त्र अशा अनेक धाग्यांनी विणलेले आहे.

भारताच्या हवामान खात्याची मुख्य कचेरी कलकत्त्याहून सिमल्यास व तेथून १९२८ मध्ये पुण्यास आली. पुढे ती दिल्लीस गेली; तथापि पुण्यातील त्या दगडी इमारतीस लोक अजूनही सिमला ऑफिस या नावानेच ओळखतात. पावसाच्या दीर्घकालीन अंदाजाचे काम आजही पुण्यात चालते. आता अवाढव्य संगणक व उपग्रह शास्त्रज्ञांच्या दिमतीला आहेत. तरीसुद्धा दर वर्षी एप्रिलमध्ये पावसाचा अंदाज तयार करताना, सरत्या हिवाळ्यात उत्तर गोलार्धात बर्फ किती पसरले होते, हे शास्त्रज्ञ पाहतात.

निसर्गाने आपल्या खुणा ब्लॅनफर्ड यांच्या आधीही दाखविल्याच होत्या. कलकत्त्याच्या वादळाआधी त्या जहाजांच्या नोंदवह्यांत होत्या. दुष्काळाआधी त्या हिमालयाच्या उतारांवर होत्या. त्या नेमाने टिपून ठेवणे, एकत्र आणून वाचणे आणि त्यांतून कळलेले लोकांना वेळेवर सांगणे, हे काम ब्लॅनफर्ड यांनी आपल्या देशात सुरू केले. आपले भाकीत चुकू शकते, हे जाणूनही त्यांनी ते केले. दर वर्षी उन्हाळ्यात वृत्तपत्रात पावसाचा अंदाज छापून येतो आणि शेतकरी तो वाचून पेरणीचा विचार करू लागतो. त्या अंदाजामागे ब्लॅनफर्ड यांनी आरंभिलेले परिश्रम आहेत.